खाण गेली, पब राहिला

कोळसा संपला, कामगार गेले, त्यांची घरंसुद्धा पाडली गेली. तरी यॉर्कशरच्या उजाड माळावरचं टॅन हिल इन अजून उभं आहे. ब्रिटनमधल्या सगळ्यात उंचावरच्या पबची ही गोष्ट...

शुक्रवार, २६ नोव्हेंबर २०२१. उत्तर इंग्लंडमधल्या एका पबमध्ये लाइव्ह म्युझिकची रात्र. बँडचं नाव ‘नोएसिस’. नावावरून कळलंच असेल, ‘ओएसिस’ची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. लोक लांबलांबून गाड्या काढून आलेले. गाणी झाली, बिअर झाली आणि बाहेर बघतात तर काय! ‘आर्वेन’ नावाच्या वादळानं सगळा रस्ता बर्फानं बुजवून टाकलेला. त्यात विजेच्या तारा तुटून रस्त्यात आडव्या पडलेल्या. पबमध्ये माणसं ६१. कोणीच कुठं जाऊ शकत नव्हतं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारही गेला. ६१ जणांनी तीन रात्री तिथंच काढल्या. खोल्या भरल्या तेव्हा उरलेल्यांनी जमिनीवर गाद्या टाकल्या. पब क्विझ झाली, कराओके झालं, सिनेमे बघून झाले. बँड तर काय, घरचाच! रविवारी दुपारी सगळ्यांना रीतसर संडे रोस्ट मिळालं. एकाला उपचारांची गरज होती, त्याला माउंटन रेस्क्यूच्या टीमनं बाहेर काढलं. बाकीचे सोमवारी सुटले. जाताना त्यांनी स्टाफसाठी पैसे गोळा केले आणि पुन्हा भेटायचे बेतही ठरवले. काहींना तर निघायचंच नव्हतं म्हणे.

जगभरच्या चॅनेल्सनी ही बातमी उचलली, आणि का उचलणार नाहीत? ‘सर, मी पबमध्ये अडकलोय, सोमवारी येऊ शकत नाही’ हे वाक्य बॉसला खरंखरं सांगायला मिळावं, हे कोणाचं स्वप्न नसेल! 

पण या बातमीत एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. जिथं आजूबाजूला एक घर नाही, झाड नाही, वारा दार उघडू देत नाही आणि सगळ्यात जवळचं एवढंसं गाव, म्हणजे केल्ड, सहा-सात किलोमीटरवर आहे, तिथं पब काढायचं डोकं मुळात कोणाचं?

उत्तर आहे कोळसा.

लोणावळ्याहून खाली!

आधी त्या ‘सगळ्यात उंच’चं काय ते बघू. टॅन हिल इन आहे समुद्रसपाटीपासून १,७३२ फुटांवर, म्हणजे ५२८ मीटर. आता गंमत बघा. आपलं लोणावळा ६०० मीटरच्या वर आहे. म्हणजे ब्रिटनमधला ‘सगळ्यात उंचावरचा पब’ आपल्या चिक्कीच्या दुकानांपेक्षाही खाली! हसू येतं खरं. पण तिथं उंचीपेक्षा अक्षांशाला जास्त महत्त्व आहे. पेनाइन्सच्या या रांगेत एवढ्या उंचीवर शेती जवळपास होतच नाही. नजर जाईल तिकडे मूर, म्हणजे ओलं, काळपट, गवत आणि शेवाळानं भरलेलं पठार. खाली पीटची माती, पाय टाकला की रुतणारी. थंडीत बर्फ पडलं की वारा ते ढकलत नेऊन रस्त्यात ढीग घालतो. इथं माणसं हौसेनं राहायला आली नव्हती.

‘इन’ या शब्दाचंही सांगायला हवं. पब म्हणजे नुसतं प्यायचं ठिकाण. इन म्हणजे सराई, खानावळ आणि गुत्ता हे सगळं एका छपराखाली. वाटसरूला जेवण, रात्रीचा बिछाना आणि घोड्याला चारा. टॅन हिलची इमारत सतराव्या शतकातली मानली जाते. माळ ओलांडणाऱ्या वाटा इथं एकमेकींना भेटायच्या. त्या वाटांवरून ओझ्याचे घोडे जायचे, गुरं-मेंढ्यांचे कळप हाकत नेणारे व्यापारी जायचे. आणि दारासमोरच कोळशाच्या खाणी होत्या.

इथला कोळसा मध्ययुगापासून काढला जात होता. खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात ती प्रचंड चाकं, चिमण्या, हजारो कामगार, तसलं काही इथं नव्हतं. थोडी माणसं, थोड्या विहिरीसारख्या खोल शाफ्ट, आत पातळ थर आणि त्याच्यामागे आडवं खणत जाणं. कोळसाही काही फार उच्च प्रतीचा नव्हता. पण आसपासच्या खोऱ्यांत दुसरं होतं काय? घरातली शेगडी पेटवायला तोच. शेतात टाकायचा चुना भाजायला तोच. स्वेलडेलच्या खोऱ्यात शिशाच्या मोठ्या खाणी होत्या, तिथल्या भट्ट्यांनाही पीटच्या जोडीला इथलाच कोळसा. कोळसा नेणारे गाडीवाले लांबून यायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. थांबायचं कुठं, हे वेगळं सांगायला नको.

अठराव्या शतकात तर हे इन मुख्यतः खाणकामगारांचंच ठिकाण होतं. आजूबाजूला त्यांची घरं होती. गाव म्हणावं तर फार छोटं, पण वस्ती होती. चुली पेटत होत्या.

पगार पबमध्ये

खाण आणि पब यांचं नातं त्या काळी फार जवळचं होतं, आणि दरवेळी गोड होतं असं नाही. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी कामगारांचा पगार चक्क पबमध्ये वाटला जायचा. कारण सोपं होतं. सुटे पैसे पबवाल्याकडेच असायचे. पैसे हातात पडेपर्यंत माणूस तिथं बसणार, बसला की पिणार, आणि घरी पोचेपर्यंत पाकीट निम्मं! कधीकधी पगार वाटणारा मुकादम आणि पबचा मालक यांचं साटंलोटंही असायचं. शेवटी १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटनं खाणींसाठी जो कायदा केला, त्यात खाणकामगारांना पबमध्ये किंवा त्याच्या आवारात पगार द्यायला बंदी घातली. बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी घालणारा कायदा हाच. इतिहासाच्या पुस्तकात मुलांचा उल्लेख असतो, पबचा सहसा नसतो.

हे सांगायचं कारण असं की आज जुन्या इनचे फोटो बघून आपण ‘सो क्यूट’ म्हणतो. लाकडी तुळया, दगडी भिंती, पेटलेली शेगडी, वगैरे वगैरे. त्या शेगडीपुढं बसणारा माणूस दिवसभर अंधारात, ओल्या दगडात, वाकून काम करून आलेला असायचा. त्याच्या दृष्टीनं ती शेगडी म्हणजे ‘अँबियन्स’ नव्हता. कपडे वाळवायची ती एक जागा होती.

१९२९

धंदा बसायला सुरुवात बरीच आधी झाली. १८६१ मध्ये जवळच्या कर्कबी स्टीफनला रेल्वे आली. डरहॅमकडचा चांगल्या प्रतीचा कोळसा डबे भरभरून येऊ लागला. माळावरून घोड्यावर लादून आणलेल्या कोळशाचं काय होणार होतं, हे कळायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही. त्यानंतर १८८०च्या सुमारास स्वेलडेलमधल्या शिशाच्या खाणी कोसळल्या. परदेशातून स्वस्त शिसं येत होतं. खोऱ्यातली घरंच्या घरं रिकामी झाली. कोणी लँकेशरच्या कापड गिरण्यांत गेलं, कोणी डरहॅमच्या कोळसा खाणींत, कोणी थेट अमेरिकेत. कोळशाचं मोठं गिऱ्हाईक असं एकेक करून कमी झालं.

तरी टॅन हिलची खाण आणखी जवळपास अर्धं शतक तगली, याचं मला नवल वाटतं. आसपासच्या शेतकऱ्यांना जवळचा म्हणून हाच कोळसा परवडत असणार. १९२९ साली इथली शेवटची खाण बंद झाली.

आणि मग जे झालं ते जास्त बोचतं. कामगारांची घरं पाडून टाकली. वस्ती नकाशावरून गेली. शाळेच्या पटावरून नाव कमी करावं तशी. उरलं फक्त इन, आणि त्याच्याभोवती खचलेल्या शाफ्टचे खड्डे.

तुम्ही एखाद्या इंडस्ट्रियल एरियात टपरी चालवताय, आणि एका सकाळी समोरची फॅक्टरी, कामगार आणि कॉलनी तिन्ही गायब झाले, असं समजा. टपरी किती दिवस चालेल?

सुझन पीकॉकचं काउंटर

इथं एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. सुझन पीकॉक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९३७ पर्यंत हे इन तिनं चालवलं. म्हणजे खाण चालू असताना ती काउंटरमागे होती आणि खाण बंद पडली तेव्हाही होती. खाणकामगारांना बिअर ओतून देणारी ती शेवटची मालकीण. मोटारीतून ‘बघायला’ येणाऱ्यांना चहा देणारीही बहुतेक पहिलीच. स्पष्टवक्ती म्हणून तिची ख्याती पंचक्रोशीत होती, आणि थोड्याच दिवसांत तिला भेटायला म्हणूनच लोक यायला लागले.

खरं तर या इनच्या इतिहासातली सगळ्यात नाजूक वर्षं हीच. गिऱ्हाईक म्हणजे काय ते मेंढपाळ आणि शेतकरी. त्यांनीच हे दुकान तगवलं. एवढ्या मोठ्या माळावर दोन मेंढपाळांना भेटायला, मेंढ्यांचा सौदा करायला दुसरी जागाच नव्हती. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या स्वेलडेल मेंढ्या इथल्याच. यॉर्कशर डेल्स नॅशनल पार्कच्या बोधचिन्हावर याच जातीच्या एडक्याचं तोंड आहे. दरवर्षी मेच्या अखेरीस टॅन हिलला या मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं, आणि या जातीच्या पैदासकारांमध्ये तिथं बक्षीस मिळणं ही मोठी गोष्ट समजली जाते. पर्यटक नंतर आले. पब जगवला तो मेंढ्यांनी! (शाकाहारी वाचकांना बरं वाटेल.)

एका पत्रकाराची आयडिया

दुसरा जीव ओतला तो चालणाऱ्यांनी. १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकारानं वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. म्हणणं एवढंच, अमेरिकेत डोंगरातून शेकडो मैल चालत जाता येईल अशा पायवाटा आहेत, मग आपल्याकडे का नको? त्या काळी इंग्लंडमधले बरेचसे माळ श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखीव. सामान्य माणसानं पाय ठेवला की रखवालदार अंगावर. लेख छापून आला, चर्चा झाली, महायुद्ध झालं, आणि शेवटी १९६५ साली ‘पेनाइन वे’ ही पायवाट अधिकृतपणे खुली झाली. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. लेख लिहून काय होतं, असं विचारणाऱ्या आमच्या घरच्यांसाठी हे कात्रण मी जपून ठेवणार आहे. तीस वर्षं लागली, एवढंच!

ही वाट साधारण अर्ध्यावर नेमकी टॅन हिल इनच्या दारातून जाते. दिवसभर चिखल तुडवून, पावसात भिजून आलेल्या माणसाला क्षितिजावर एकच एक इमारत दिसते आणि तिच्यात बिअर मिळते. मार्केटिंगवाल्यांनी डोकं आपटलं तरी यापेक्षा चांगलं लोकेशन मिळणार नाही.

एकटेपणाचा ब्रँड

गंमत इथून पुढे आहे. जे या जागेचं दुर्दैव होतं, तेच हळूहळू विकलं जाऊ लागलं.

१९८०च्या दशकात ‘एव्हरेस्ट’ नावाच्या कंपनीला आपल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांची जाहिरात करायची होती. जागा निवडली टॅन हिल इन. टीव्हीवरचे लोकप्रिय शेतकरीबुवा टेड मोल्ट खिडकीपाशी उभे राहून एक पीस सोडतात, बाहेर वारा घोंघावतोय आणि पीस मात्र सरळ खाली येतं. झालं! एका पिढीच्या घराघरात हा पब पोचला. खिडक्या किती खपल्या ते कंपनीला माहीत, पण पबची जाहिरात फुकटात झाली.

मग १९९५. नोंदणी कार्यालय आणि चर्च सोडून इतर ठिकाणी लग्न लावायला इंग्लंडमध्ये परवानगी मिळू लागली, आणि लग्नाचं लायसन्स मिळवणारा देशातला पहिला पब ठरला टॅन हिल. जिथं पाहुणे पोचतील की नाही याची खात्री नाही, तिथं मांडव!

२००७चा किस्सा तर भन्नाट आहे. पबनं आपल्या ख्रिसमसच्या जेवणाला मेन्यूकार्डवर ‘फॅमिली फीस्ट’ असं नाव दिलं. काही दिवसांत केएफसीच्या वकिलांचं पत्र हजर. हे शब्द आमचा ट्रेडमार्क आहेत, काढून टाका. मालकिणीला आधी वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. मग पेपरांत बातमी आली, कोंबडीवाली महाकाय कंपनी विरुद्ध माळावरचा एकटा पब असा सामना रंगला, आणि केएफसीनं प्रकरण सोडून दिलं. मेन्यू तसाच राहिला.

बर्फात अडकण्याच्या बाबतीतही २०२१ ही काही पहिली वेळ नव्हती. २००९च्या थर्टीफर्स्टला आलेले पाहुणे तीन दिवस अडकले. २०१०च्या हिवाळ्यात तर सातजण नऊ दिवस. २०१७ मध्ये ‘वेट्रोज’ या सुपरमार्केटनं आपली ख्रिसमसची जाहिरात याच कल्पनेवर बेतली आणि तिचं शूटिंगही इथंच केलं. पबमध्ये अडकलेले लोक मिळून जेवण बनवतात, अशी ती छोटीशी फिल्म. म्हणजे आधी जाहिरात झाली आणि चार वर्षांनी नोएसिसच्या प्रेक्षकांनी ती प्रत्यक्षात जगून दाखवली.

पण कोणी म्हणेल, उंचावर आहे, वेगळं आहे, म्हणून चालतंय. तसं नाही. चेशरमधलं ‘कॅट अँड फिडल’ हे दुसऱ्या नंबरचं उंच इन. उंची ५१५ मीटर, म्हणजे फक्त तेरा मीटर कमी. रस्ता जास्त वाहता, मोटरसायकलवाल्यांचा लाडका. तरी २०१५ मध्ये बंद पडलं. पुढे काही वर्षांनी तिथं व्हिस्की गाळणाऱ्यांनी बस्तान मांडलं, तेव्हा दारं उघडली. उलट दक्षिणेला डार्टमूरच्या माळावर ‘वॉरन हाउस इन’ आहे, कथिलाच्या खाणींच्या शेजारी. तिथल्याही खाणी केव्हाच मेल्या. पण शेगडी १८४५ पासून विझलेली नाही असं ते अभिमानानं सांगतात. खाणीनंतर टिकायचं तर उंची पुरत नाही. सांगण्यासारखी गोष्ट लागते आणि ती रोज उठून सांगणारं माणूस लागतं.

टॅन हिलला ही माणसं मिळत गेली. सरकारी लाइनची वीज नाही म्हणून वर्षानुवर्षं जनरेटरवर चालवलेला पब, हिवाळ्याआधी भरून ठेवायचा किराणा, रस्ता बंद झाला तर अडकून पडणारा स्टाफ. पाहुण्यासाठी तीन दिवसांचं अडकणं म्हणजे ॲडव्हेंचर असतं. काउंटरमागच्या पोरांसाठी ती तीन दिवसांची सलग शिफ्ट असते. २०२१च्या बातम्यांत मला सगळ्यात आवडलं ते हेच, की निघताना लोकांनी आधी स्टाफचा विचार केला.

एक गोष्ट मात्र खटकते. वादळ, बर्फ, लग्न, केएफसी, जाहिराती, सगळं सगळ्यांना पाठ. ज्यांच्यामुळे हे इन इथं आलं त्या खाणकामगारांसाठी बहुतेक लेखांत जेमतेम एक ओळ असते. ‘एकाकी पब’ म्हणून तो विकला जातो. पण हा पब जन्माला आला तेव्हा एकाकी नव्हताच. त्याच्याभोवती घरं होती. एकाकी तो १९२९ नंतर झाला.

जायचंय?

लीड्स-मँचेस्टरकडे प्रोजेक्टवर असलेल्या मंडळींना हा वीकएंडचा प्लॅन सहज जमण्यासारखा आहे. गाडी असेल तर साधारण दोनेक तास, फक्त शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. सूर्यास्ताच्या आत पोचा. ट्रेननं जायचं तर सेटल ते कार्लाइल ही देखणी लाइन पकडून कर्कबी स्टीफनला उतरा. तिथून पुढे टॅक्सी आधी ठरवून ठेवा, स्टेशनबाहेर रिक्षा उभी नसते! पायात दम असेल तर केल्डला राहून पेनाइन वेनं चालत या. मे ते सप्टेंबर हवा बरी. बर्फात अडकायच्या आशेनं जानेवारीत जाणार असाल तर औषधं आणि जास्तीचे मोजे बरोबर ठेवा, आणि हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय निघू नका.

आणि पबसमोरच्या माळावर फोटो काढायला वाट सोडून फार आत जाऊ नका. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशात या भागात जागोजागी जुने शाफ्ट दाखवलेत. काही बुजलेत, काहींवर नुसतंच गवत वाढलंय.